क्लिनिकल पोस्टिंग लावण्याचे दहा महिने

विद्यार्थी वॉर्डात पहिलं पाऊल ठेवतो तो दिवस १ ऑगस्ट धरला, तर त्याच्या पोस्टिंगचं, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत शिकण्याच्या नेमणुकीचं, काम आदल्या ऑक्टोबरात सुरू झालेलं असावं लागतं. नव्या समन्वयकाला हे अति वाटतं. जूनमध्ये तसं वाटेनासं होतं. एक पूर्ण चक्र नुकतंच संपलंय, कागद अजून टेबलावर आहेत, तोवर घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतो आहोत. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, रेडिओग्राफी, लॅब टेक्नॉलॉजी, प्रत्येकाचे नियम वेगळे. पण गाडं अडतं ते बहुतेक त्याच त्या ठिकाणी.

ऑक्टोबरात फक्त आकडेमोड करायची. किती विद्यार्थी, कोणत्या विभागात, किती तास. तासांचा आकडा नियामक संस्था ठरवते आणि तो लेखी हातात असल्याशिवाय एकाही रुग्णालयाला फोन करायचा नाही. ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघाच्या किमान मानकांत प्रत्यक्ष कामाचे १००० तास आहेत. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार सर्वसाधारण नर्सिंगचं प्रशिक्षण किमान ४६०० तासांचं, आणि त्यातलं निम्मं तरी क्लिनिकल. मिडवाइफरीत, म्हणजे प्रसूती करण्याच्या प्रशिक्षणात, तासांपेक्षा प्रसूतींची संख्या भारी पडते. त्याच निर्देशात विद्यार्थिनीने किमान ४० प्रसूती हाताळाव्यात असं आहे. तेवढ्या मिळत नसतील तर ३० वर येता येतं, पण मग आणखी २० प्रसूतींत मदतीला हजर राहावं लागतं. त्यामुळे एखाद्या प्रसूतिगृहाने ‘आठ आठवडे दिले’ म्हटलं तरी लगेच खूश व्हायचं कारण नाही. महिन्याला किती प्रसूती होतात आणि त्यात किती संस्थांच्या विद्यार्थिनी वाटेकरी आहेत, ते विचारायचं.

आता साधं गणित. गरज २४० तासांची आहे. रोज ६ तास, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे ३६ तास. सात आठवड्यांत २५२ तास भरतात. वरचे १२ तास म्हणजे फक्त दोन शिफ्ट. एक ताप, एक सार्वजनिक सुट्टी, संपलं. म्हणून मागणी आठ आठवड्यांची करायची. २८८ तासांत ४८ तासांची सवड राहते. जेवणाची सुट्टी तासांत धरतात का, ओरिएंटेशनचा दिवस धरतात का, रात्रपाळीनंतरचा हॅंडओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देणं) धरतात का, ही तिन्ही उत्तरं आपल्या विद्यापीठाकडून किंवा नियामकाकडून मेलवर घ्यायची. तोंडी ‘हो, धरतात’ हे वर्षअखेरीला कोणालाच आठवत नाही.

जागा कमीच पडणार असं दिसत असेल तर सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर किंवा रचलेल्या प्रसंगात केलेल्या सरावाचा, हिशेब आत्ताच करायचा. अमेरिकेतल्या नर्सिंग नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनने भरले तरी निष्पत्तीत फरक पडला नाही. यातला ‘दर्जेदार’ हा शब्द मात्र लोक सोयीने गाळतात. प्रशिक्षित शिक्षक, ठरवून लिहिलेले प्रसंग, नंतरची चर्चा हे सगळं त्यात येतं. कोपऱ्यात ठेवलेला पुतळा येत नाही. शिवाय किती टक्के चालेल हे आपला नियामक सांगेल तेच खरं.

नोव्हेंबरात रुग्णालयांना विचारणा. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज असतो. रुग्णालयात ३०० खाटा आहेत, म्हणजे भरपूर विद्यार्थी मावतील, असं बाहेरून वाटतं. खाटांचा आणि जागांचा संबंध जेमतेम आहे. जागा म्हणजे सुपरवायझरचा वेळ. विद्यार्थ्याला सोबत घेऊन काम करणारी, त्याच्या नोंदी वाचून सही करणारी, चुकलं तर थांबवणारी व्यक्ती त्या शिफ्टला हजर आहे का, एवढाच प्रश्न आहे. फिजिओथेरपीत एका सुपरवायझरकडे एक किंवा दोन विद्यार्थी बसतात. नर्सिंगमध्ये गट मोठा चालतो, पण तेव्हा कॉलेजचा शिक्षक वॉर्डात उभा असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तर निर्जंतुक क्षेत्राला धक्का न लावता किती माणसं उभी राहू शकतात यावरच आकडा ठरतो, आणि तो फार लहान असतो.

म्हणून विचारणेच्या फॉर्ममध्ये ‘किती विद्यार्थी घ्याल?’ असा एकच रकाना ठेवायचा नाही. कोणत्या शिफ्टला, कोणत्या आठवड्यात, कोणाच्या देखरेखीखाली, त्याच आठवड्यांत दुसऱ्या कोणत्या संस्थांचे विद्यार्थी आहेत, त्या काळात वॉर्डाची दुरुस्ती, मानांकनाची तपासणी किंवा नवी संगणकप्रणाली येणार आहे का, हे सगळं विचारायचं. तपासणीच्या आठवड्यात कोणालाही विद्यार्थी नको असतात, आणि ते मोकळेपणाने सांगतात, फक्त कोणी विचारलेलं नसतं. फॉर्म मेट्रन किंवा विभागप्रमुखांकडे जातोच. त्याची प्रत वॉर्ड इनचार्जकडेही जायला हवी. वरून ‘सहा घेऊ’ असा होकार येतो आणि खाली इनचार्ज सिस्टरना ते पहिल्या दिवशी सकाळी कळतं, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तो गृहीत धरूनच आखणी करावी.

डिसेंबर ते फेब्रुवारी करार. सबंध वर्षातले सगळ्यात वैतागवाणे महिने, कारण करण्यासारखं थोडं आणि वाट पाहण्यासारखं फार. करारात काय हवं ते थोडक्यात: विद्यार्थ्याच्या चुकीची कायदेशीर जबाबदारी कोणाची आणि विमा कोणाचा, सुई टोचली तर तपासणी आणि औषधांचा खर्च कोण करणार, रुग्णाची गोपनीयता, त्यात फोटो आणि मोबाइलचा स्पष्ट उल्लेख, विद्यार्थ्याला पोस्टिंगवरून काढायचं तर कोणी, कोणाला कळवून, सुपरवायझरना मानधन असेल तर ते थेट त्यांना की रुग्णालयाला, करार संपवायचा तर किती दिवसांची सूचना, आणि तोपर्यंत आत असलेल्या विद्यार्थ्यांचं काय. या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. ‘चालू तुकडीला पोस्टिंग पूर्ण करू दिलं जाईल’ एवढं नसेल तर अर्ध्यात विद्यार्थी रस्त्यावर येतात.

विद्यार्थ्यांची संख्या, तारखा आणि विभागांची नावं कराराच्या मुख्य मजकुरात घालू नका, जोडपत्रात घाला. जोडपत्र दरवर्षी बदलता येतं. मुख्य मजकुरातला एक आकडा बदलायचा म्हटलं तर दोन्हीकडच्या कायदा विभागांतून फाईल पुन्हा फिरते. विचारपूस करताना ‘करार झाला का?’ असं विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ठरलेलं. ‘फाईल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यांना आमच्याकडून काही कागद हवाय का?’ असं विचारलं की फाईल हलते. सही करणारी व्यक्ती निवृत्त होणार असेल किंवा बदली होणार असेल तर ते आधी कळलं पाहिजे. नवीन माणूस आल्यावर सगळं पहिल्यापासून वाचतो, आणि वाचायलाच हवं.

करार फिरत असताना विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे कागद समांतर चालले पाहिजेत. करार झाल्यावर लसीकरण सुरू करू, असं म्हणणारा समन्वयक ऑगस्ट गाठत नाही, कारण हेपटायटिस-बी कोणासाठी थांबत नाही. तीन डोस: पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिला १ नोव्हेंबरला दिला तर दुसरा १ डिसेंबरला, तिसरा १ मेला. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासतात, म्हणजे जून उजाडला. ती प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त असेल तर ठीक. कमी आली तर पुन्हा डोस, पुन्हा महिना-दोन महिन्यांची थांबणूक, पुन्हा तपासणी, आणि ऑगस्ट हातचा गेला. दर तुकडीत असं कोणीतरी निघतंच. म्हणून ‘लसीकरण चालू आहे, पातळी अपुरी’ अशा विद्यार्थ्याला कोणत्या अटींवर घेणार, हे रुग्णालयाच्या कर्मचारी-आरोग्य विभागाशी आधीच ठरवून ठेवायचं.

बाकीच्या लसींचेही खोडे आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस किमान २८ दिवसांच्या अंतराने. कांजिण्यांचे दोन, मोठ्या माणसांत किमान चार आठवड्यांनी. ‘लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या’ हे आईचं म्हणणं बहुतेक ठिकाणी कागद म्हणून चालत नाही, रक्ततपासणी मागतात. क्षयरोगाची त्वचाचाचणी टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते. आठवडी सुट्टीच्या तोंडावर टोचली आणि वाचायला दवाखाना बंद, की ती वाया. गोवराच्या लसीत जिवंत विषाणू असतो आणि त्याने त्वचाचाचणीचा निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी करायच्या, नाहीतर लसीनंतर किमान चार आठवडे थांबून चाचणी. हा क्रम तुकडीला एका पानावर लिहून दिला नाही तर प्रत्येक विद्यार्थी आपापल्या डॉक्टरकडे आपापल्या क्रमाने जातो.

लसीच्या कार्डावर तारीख, बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही आणि शिक्का, चारही हवेत. नुसत्या बरोबरच्या खुणा असलेली कार्डं परत येतात.

जीवनरक्षक प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र साधारण दोन वर्षं चालतं. ते पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी वैध असून भागत नाही, शेवटच्या दिवशीही हवं. पोलीस पडताळणीत अडतं ते नावामुळे: ओळखपत्रावर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. एन-९५ मास्कची फिट-टेस्ट मागणारी रुग्णालयं असतील तर दाढीचा प्रश्न येतो. मास्क जिथे चेहऱ्याला टेकतो तिथे केस असले तर हवा गळते आणि चाचणी होत नाही. दाढी धर्माने किंवा श्रद्धेने ठेवलेली असेल तर पर्याय काय, हे विद्यार्थ्याने वॉर्डाच्या दारात ऐकण्यापेक्षा मार्चमध्ये शांतपणे बोललेलं बरं. रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांचे डोसिमीटर बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारे) प्रत्येकाच्या नावाने मागवावे लागतात, उसने चालत नाहीत. कोणी दुसरीकडे एक्स-रे विभागात अर्धवेळ काम करत असेल तर तिथली मात्रा आणि इथली मात्रा एकत्र मोजायची असते.

या सगळ्याचा खर्च कोणावर पडतो हे प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावं: लसी, रक्ततपासण्या, पडताळणी, गणवेश, प्रवास, लांबचं पोस्टिंग असेल तर राहणं. एकेक रक्कम छोटी दिसते. एकत्र केल्यावर काही घरांना ती झेपत नाही, आणि असे विद्यार्थी स्वतःहून बोलत नाहीत. ते नुसते कागद उशिरा देतात. वारंवार मुदत चुकवणाऱ्याला नोटीस पाठवण्याआधी हे एकदा विचारून पाहावं.

आणखी एक. काही रुग्णालयं विद्यार्थ्यांच्या संपूर्ण वैद्यकीय फाईली मागतात. त्या पाठवायच्या नाहीत. ‘अटी पूर्ण’ किंवा ‘अटी अपूर्ण’ एवढं प्रमाणपत्र पुरतं. मूळ कागद संस्थेकडे कुलपात.

एप्रिल-मे वाटपाचे. आधी पक्क्या अटी आणि आवडी वेगळ्या करायच्या. अपंगत्व, गरोदरपण, घरात सांभाळायचं लहान मूल किंवा आजारी माणूस, सार्वजनिक वाहतुकीने पहाटेची शिफ्ट गाठता येणं, त्याच वॉर्डात आई-वडील किंवा जोडीदार नोकरीला असणं, या अटी. ‘मैत्रिणीसोबत हवंय’ ही आवड. अटींचा पुरावा मागायचा, पण बेताने.

भरायची सुरुवात दुर्मीळ जागांपासून: प्रसूतिगृह, बालरोग, मानसोपचार, अतिदक्षता. मेडिसिन आणि सर्जरीच्या जागा शेवटी आपोआप बसतात. उलटं केलं की शेवटी बारा विद्यार्थी आणि मानसोपचाराच्या चार जागा उरतात, आणि सगळं उसवावं लागतं. तक्ता साधा ठेवा: एका ओळीत एक विद्यार्थी आणि एकच पोस्टिंग. चार पोस्टिंग असतील तर त्याच्या चार ओळी. दिसायला कुरूप, पण संगणकावर गाळणी (फिल्टर) लावली की वॉर्डनिहाय, आठवडानिहाय यादी क्षणात निघते. तक्त्यातले चौकोन एकत्र जोडून, रंग भरून केलेले सुंदर तक्ते नोटीस बोर्डासाठी ठीक, काम त्यावर होत नाही. नावाऐवजी विद्यार्थी क्रमांकाने जुळवणी करा. एकाच नावाच्या दोघी प्रत्येक तुकडीत असतात.

शंभर विद्यार्थी असतील तर पाच ते दहा जागा राखून ठेवायच्या. रुग्णालय पुढे कोणत्या ना कोणत्या कारणाने काही जागा मागे घेतंच. वाटप जाहीर करताना निकषही जाहीर करा आणि जिथे चिठ्ठ्या टाकल्या तिथे चिठ्ठ्या टाकल्या असं स्पष्ट लिहा. लोकांना वाईट पोस्टिंग पचतं, वशिल्याचा संशय पचत नाही. अदलाबदलीला एक तारीख द्या, त्यानंतर बंद. विद्यार्थ्यांनी परस्पर केलेली अदलाबदल वरवर निरुपद्रवी वाटते. पण विम्याची यादी, ओळखपत्र, संगणकाचं लॉगिन आणि मूल्यमापनाचा फॉर्म चारही जुन्या नावाने निघालेले असतात, आणि नेमका त्याच दिवशी काही अपघात झाला तर वॉर्डात हजर असलेला विद्यार्थी कागदावर तिथे नसतोच.

जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे आधी, अंतिम यादी रुग्णालयाकडे. त्यासोबत ओळखपत्रं, कपडे बदलायची खोली, लॉकर आणि संगणकप्रणालीचं लॉगिन यांची मागणी. यात लॉगिनला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि सगळे त्यालाच विसरतात. लॉगिन नसलेला विद्यार्थी नोंद करायला सिस्टरचा पासवर्ड वापरतो. मदतच करतो बिचारा. पण रुग्णाच्या नोंदीवर दुसऱ्याचं नाव पडतं, आणि प्रकरण शिस्तभंगापर्यंत जाऊ शकतं. लॉगिन मिळेपर्यंत कागदी नोंदी, सुपरवायझरच्या सहीने, हे आधीच ठरलेलं असावं.

जुलैत तयारी. विद्यार्थ्यांना हात धुणं शिकवलेलं असतंच, तरी पुन्हा घ्यायचं: हात कधी स्वच्छ करायचे ते सांगणारे जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण, अल्कोहोलने चोळायला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०. सुई टोचली तर काय, हे पाठ नाही, खिशात हवं. जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, लगेच सुपरवायझरला सांगायचं, रुग्णाचा तपशील नोंदवायचा. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर शक्य तितक्या लवकर, काही तासांत सुरू व्हावी लागतात; ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. म्हणून कार्डावर रात्री दोन वाजता उचलला जाईल असा नंबर पाहिजे. कार्यालयाचा लँडलाइन छापून उपयोग नाही. छापण्यापूर्वी एकदा रात्री लावून बघा.

सुपरवायझरसाठी एक पान, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. विद्यार्थी कोणत्या वर्षाचा, काय एकट्याने करू शकतो, काय देखरेखीखाली, काय अजिबात नाही; मूल्यमापन कधी; अडचण आली तर फोन कोणाला. ‘अजिबात नाही’ची यादी ठळक अक्षरांत.

१ ऑगस्ट. पहिल्या आठवड्यात समन्वयकाने दुसरं काही काम लावून घेऊ नये. कोणाचा सुपरवायझर रजेवर निघतो, कोणी चुकीच्या इमारतीत पोचतं, एका वॉर्डात चारच्या जागी आठ येतात कारण दुसऱ्या संस्थेच्या तारखा बदललेल्या असतात. राखीव जागा इथे कामाला येतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणी एक फेरी किंवा निदान फोन, आणि फोन विद्यार्थ्याला आणि सुपरवायझरला वेगवेगळा. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर त्याच दिवशी जाऊन यावं.

तासांच्या सह्या आठवड्याच्या आठवड्याला. शेवटी एकदम घेऊ म्हटलं की सुपरवायझरची बदली झालेली असते, किंवा आठवत नाही म्हणून सही द्यायला तो कचरतो, आणि त्याचं बरोबर असतं. मूल्यमापन अर्ध्यावर व्हायलाच हवं, आठ आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये चौथ्या आठवड्याच्या अखेरीस. कमकुवत विद्यार्थ्याबद्दल सुपरवायझर फोनवर स्पष्ट बोलतात आणि फॉर्मवर ‘समाधानकारक’ लिहितात. त्यांना विचारायचं: काय पाहिलं, कोणत्या तारखेला, विद्यार्थ्याला काय सांगितलं. एवढं लेखी आलं की सुधारणेचा आराखडा करता येतो. अर्ध्यावर काहीही न लिहिता शेवटी नापास केलं तर अपिलात ते टिकत नाही, आणि विद्यार्थ्यावर अन्यायही होतो.

बुडालेले तास भरून काढण्याची सोय पोस्टिंगच्या शेवटच्या दोन आठवड्यांत करू नका. तिथे पुढची तुकडी येऊन थांबलेली असते. दर दोन आठवड्यांनी तासांची बेरीज काढून जे मागे पडलेत त्यांना जादा शिफ्ट तेव्हाच द्यायच्या. सलग रात्रपाळीनंतर लगेच दिवसपाळी लावून तास भरणं कागदावर जमतं, पण झोपेच्या अभावाने औषधाची चूक होते, म्हणून ते बंदच ठेवलेलं बरं.

विद्यार्थ्यांचा अभिप्राय गुण जाहीर झाल्यावर घ्यायचा, आधी नाही; गुण हातात यायच्या आधी खरं कोणी लिहीत नाही. वॉर्डाला तो पाठवताना छोट्या गटात लिहिणारा ओळखू येतो हे लक्षात ठेवायचं. दोनच विद्यार्थी असलेल्या जागेचा अभिप्राय वर्षभराचा साठवून मग द्यावा. सुपरवायझरना तासांचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात; त्यांच्या स्वतःच्या नोंदणी नूतनीकरणाला ते अनेक ठिकाणी उपयोगी पडतं.

आणि सह्या झालेली तासांची पत्रकं स्कॅन करून विभागनिहाय ठेवा: मेडिसिन किती, सर्जरी किती, बालरोग किती, मानसोपचार किती. नुसता ‘एकूण तास पूर्ण’ असा दाखला पदवीपुरता चालतो. पुढे कधीतरी तोच विद्यार्थी दुसऱ्या देशात नोंदणीसाठी अर्ज करतो, तिथली परिषद प्रत्येक विभागाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे मागते, थेट संस्थेकडून, ठरावीक मुदतीत. तेव्हा ज्या संस्थेकडे ही फोड तयार असते तिथून कागद एका दिवसात निघतो. जिथे नसते तिथे जुनी रजिस्टरं शोधत आठवडे जातात, आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.